नथ नानांनी घालवली, माझ्या मशीनने नाही

कॉलनीतल्या मंडळींनो, क्लबच्या फळ्यावर हा कागद मुद्दाम लावतोय, कारण सकाळपासून शेजारचे नाना माझ्या नावाने बोंब मारत फिरताहेत.

घड्याळांचे सुटे भाग धुवायला माझ्या घरी अल्ट्रासोनिक मशीन आहे. त्यातलं साबणाचं पाणी इतकं बारीक थरथरतं की चाकांच्या दात्यांतला जुना मळही सुटून येतो. आज नाना त्यात धुवायला बायकोची नथ घेऊन आले. मी स्पष्ट सांगितलं, "नाना, मोती यात घालायचे नाहीत. खराब होतात."

"काही होत नही भो, बठ्ठं सोनंच शे," म्हणाले. म्हणे सगळं सोनंच, जसे काही मोती फक्त मलाच दिसत होते!

मी चहा सांगायला आत गेलो, तेवढ्यात त्यांनी नथ पाण्यात सोडून बटण दाबलं. बाहेर येऊन बघतो तर दोन मोती निस्तेज आणि तिसऱ्याला चीर.

ती नथ नानांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, त्यांच्या आईने दिलेली. अक्का आल्या, त्यांनी नथ हातात घेऊन उजेडात धरली. मग नवऱ्याला सोडून मलाच विचारलं, "भाऊ, तुम्ही मशीन सोडून उठलेच कशाला?"

आता तुम्हीच सांगा, तो चहा मी कोणासाठी सांगायला गेलो होतो?