वैजयंतीचं बोट

कुठलंही सर्किट बिघडलं की वैजयंती गावस आधी मीटर हातात घ्यायची नाही. सप्लाय चालू ठेवून बोर्डावर एकेका ठिकाणी तर्जनी टेकवायची आणि नजर स्क्रीनवर ठेवायची. "दुखता खंय तें तरी कळूं दे," म्हणायची. गोव्यात तुयेंतल्या आमच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. ती नार्व्याची, मी पेडण्याची. कॉलेजात मार्क माझे जास्त होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण रोज आठवायचं.

ट्रॉलरांवर बसवायच्या रेडिओचा मिक्सर माझ्याकडे होता. अँटेनातून आलेला सिग्नल आमच्या ऑसिलेटरच्या सिग्नलशी मिसळून खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणायचा, एवढंच त्याचं काम. संगणकावर गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, उत्तम येई, बोर्डावर मात्र पडलेला. लांबच्या ट्रॉलरचा आवाज कुजबुजीसारखा ऐकू यायचा. मी ट्रान्झिस्टर बदलले, बायस तपासला, नवा बोर्ड करून घेतला. शेवटी आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर तयार मॉड्यूल विकत घेऊ." म्हणजे माझं डिझाइन रद्द.

गुरुवारी वैजयंती चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आली. "बघूं गो?" नाही म्हणता आलं नाही. ऑसिलेटरकडून मिक्सरकडे जाणाऱ्या तांब्याच्या रेषेवर तिनं बोट टेकवलं आणि स्क्रीनवरचा सिग्नल उचलला गेला.

"ऑसिलेटर किती देतो?"

"पुरेसा. मोजलाय मी."

"मोजलो, पूण त्याच्याच दारांत. मिक्सराच्या तोंडांत कितलो पावता तो मोज."

मोजला. वाटेतल्या चुकीच्या जुळणीत अर्ध्याहून जास्त जोर वाया जात होता. मिक्सर उपाशी होता. एक कपॅसिटर बदलला नि गेन जागेवर आला. तिचा चहा अजून संपला नव्हता.

सर आले तेव्हा ती म्हणाली, "डिझाइन हिचंच, सर. मी फक्त बोट लावलं." तिनं ते मनापासून म्हटलं, आणि मला राग आला तो त्याचाच. ती जराशी मिरवली असती, तर निवांत तिचा दुस्वास करता आला असता.

पुढे ती बेंगळुरूला मोठ्या पदावर गेली. निरोपाला तिनं घरच्या नेवऱ्या, आपल्या करंज्या, आणल्या. सगळ्यांनी डोळे पुसले, मीही पुसले. आत मात्र कोंदट खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटत होतं. ते सुख फार टिकलं नाही. काही अडलं की सर म्हणायचे, "वैजयंतीला विचारूया का?"

गेल्या महिन्यात एक अ‍ॅम्प्लिफायर असाच अडून बसला. सर फोन उचलणार, तोच मी म्हटलं, "नको. मी बघते." दुपारभर बसले. अर्थिंगची एक जोडणी कच्ची निघाली. ती पक्की केली, काम झालं. सर पुढच्या बोर्डाकडे वळले. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि आठवली नेमकी तीच. फोन लावून सगळं सांगितलं.

"माका तुजो हेवो दिसता गो," ती म्हणाली. "हांगा दिसभर नुसत्या मीटिंगी. बोर्ड म्हणून हाताक लागना."

"असं म्हणू नये गो," मी तिची समजूत काढली. फोन ठेवला आणि तिचं पहिलं वाक्य मनात पुन्हा ऐकलं. संध्याकाळी घरी जाताना, बसमध्ये, आणखी एकदा.