माळावरची कोंबडी

माझा नवरा खोटारडा होता.

परवाच्या शोकसभेत हे कुणी बोललं नाही, म्हणून इथे लिहिते. आज त्यांना जाऊन महिना झाला.

तुम्ही सगळे त्यांना सर म्हणायचात. रविवारी पहाटे शनिवार पेठेतल्या आमच्या दारातून बस निघायची. थंडीत भिगवणचे रोहित पक्षी बघायला, पावसाळ्यात पूर्वेकडचे माळ. उशिरा येणाऱ्याला सोडून बस सुटायची. त्याचा फोन आला की सर म्हणायचे, "पक्षी वेळेवर आलेत. आपण कुठे आहात?"

तुम्हाला ते फार आवडायचं. रोज घरात ऐकावं लागलं की आवड कमी होते.

मी तुमची काकू. उपमा, चहाचा थर्मास आणि बसमधली डोकी मोजणं माझ्याकडे. पक्षी मलाही कळायचे, पण ते कुणी विचारलं नाही.

सरांचा नियम तुम्हाला पाठ असेल.

"दोघांनी पाहिला तर पक्षी. एकानं पाहिला तर भास."

कुणी तोफेएवढी लेन्स लावून आला असेना का, दुसऱ्यानं मान डोलावल्याशिवाय त्याचा पक्षी मोजला जायचा नाही.

ती ट्रिप श्रावणातली. बारीक पाऊस. तुम्ही सगळे बांधाअलीकडे एका चंडोलाचे फोटो काढत होतात. मी बांध ओलांडून पलीकडे गेले, जरा पाय मोकळे करायला. हे माझ्या मागे थोड्या अंतरावर, बायनॉक्युलर डोळ्यांना लावून उभे.

समोरच्या गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उसळला. पांढरे पंख फडफडवले आणि तिथल्या तिथे परत खाली. मग पुन्हा एकदा. डोक्यामागे पिसांचे वाकडे तुरे.

तणमोर.

पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून नर अशा उड्या मारतो. आपल्याकडे जवळजवळ संपलाच. यांनी जन्मभर माळ तुडवले ते याच्यासाठी.

मी ओरडले, "अहो, तणमोर!"

तुम्ही धावत आलात. तोवर गवत शांत.

हे म्हणाले, "कोंबडी असेल कुणाची तरी. आमच्या हिला दोन्ही सारखेच. चला, उपमा गार होतोय."

तुम्ही हसलात.

दुपारपर्यंत माळ न सोडणारा हा माणूस त्या दिवशी लगेच बसमध्ये जाऊन बसला. मला वाटलं, बायकोची लाज वाटली असेल.

पुढे प्रत्येक ट्रिपला नव्या लोकांना तो किस्सा. सांगणारे हेच. मी 'तणमोर काकू' झाले. ग्रुपवर कोंबडीचे स्टिकर यायला लागले. माझ्या वाढदिवसाच्या केकवर तुम्ही प्लॅस्टिकची कोंबडी बसवलीत. मी केक कापला आणि सगळ्यांना वाटलासुद्धा.

फार लागायचं मला.

घरी एकदा विचारलं, की तुम्ही खरंच पाहिला नाही का. नाही म्हणाले आणि पेपर वाचत राहिले. शेवटी मी डोळे तपासून आले. डोळ्यांत काही दोष नव्हता.

शेवटच्या दिवसांत, हॉस्पिटलात, मी मोसंबी सोलत होते. हे छताकडे बघत म्हणाले,

"तो तणमोरच होता."

कुठला, ते विचारावं लागलं नाही.

"मी पाहिला होता. तुझ्या आधी."

"मग बोलला का नाहीत?"

"एक फोटो बाहेर गेला असता, की पुढच्या रविवारी गाड्यांची रांग. गवतात घातल्या असत्या."

हे मला पटलं. घातल्याच असत्यात तुम्ही. घुबडाच्या घरट्यावर टॉर्च मारणारी माणसं तुम्ही, मी पाहिलंय.

"आणि मला? घरी?"

"तू चारचौघांत सांगितलं असतंस."

मोसंबी तशीच राहिली. नोकरीभर शाळेचे गणिताचे पेपर मी काढले. एक प्रश्न कधी बाहेर गेला नाही, यांच्याही कानावर नाही. आणि या माणसाचा माझ्यावर एका पक्ष्यापुरताही विश्वास नव्हता.

पक्ष्यासाठी खोटं बोलले, त्याचा राग नाही. लोकांना मला हसू दिलं आणि हसण्यात स्वतः सगळ्यांच्या पुढे राहिले, त्याचा आहे. तो राग त्यांच्याबरोबर जळला नाही. अजून घरात आहे.

सॉरी म्हणाले नाहीत. पाणी मागितलं. मी दिलं.

शोकसभेत तुमच्यातल्या एकानं 'सरांचे गमतीदार किस्से' म्हणून पडद्यावर कोंबडी दाखवली. हशा पिकला. मी पहिल्या रांगेत होते. समोर हार घातलेला यांचा फोटो, आणि फोटोत हेही हसत होते.

तर आता ऐका. तो तणमोर होता. पाहणारे दोघे होते. नियमात बसतो. जे हसले त्यांनी कमेंटमध्ये हात जोडू नयेत, मला ते पुरले.

सांगितलंच बघा मी चारचौघांत.

जागा मात्र विचारू नका. त्या पावसाळ्यात आपण बरेच माळ पालथे घातले होते. त्यातला कुठला, ते तुम्हाला आठवायचं नाही, तुम्ही हसण्यात होतात. मला आठवतो.

गेल्या आठवड्यात जाऊन आले. यांचं बायनॉक्युलर नेलं होतं. बारीक पाऊस होता, गवत गुडघ्याच्या वर. थर्मासमधला चहा संपेपर्यंत बांधावर बसले.

एकटीच होते. एकानं पाहिला तर भास. तेव्हा मला काहीही दिसलेलं नाही.

अहो, निवांत जा.

कोंबडी मजेत आहे.