चौदा मिलिमीटरचा मणी

रंगूबाई बेदाण्याच्या शेडमध्ये घसरल्या, डोकं आपटलं, म्हणून सांगलीच्या दवाखान्यात एमआरआय काढला. आपटल्याने काहीही झालं नव्हतं. पण आपटण्याशी काडीचा संबंध नसलेली एक गाठ मेंदूजवळ सापडली. कित्येक वर्षं बिनबोभाट राहत असणार. आता तिचं नाव गावभर झालं.

"साधी गाठ आहे, कर्करोग नाही," डॉक्टर अवधूत म्हणाले. "द्राक्षाएवढी."

तासगावच्या माणसाला असं मोघम सांगून भागत नाही. "कंच्या द्राक्षाएवढी?" रंगूबाईंच्या यजमानांनी, लालासाहेबांनी विचारलं. "थॉमसन का सोनाका?"

डॉक्टर म्हणाले, चौदा मिलिमीटर.

"म्हंजे बारकी. एक्स्पोर्टला नापास." लालासाहेब जन्मभर बागेत द्राक्षाच्या मण्यांना जाडी मोजायचं गेज लावत हिंडलेले, त्यांना जरा बरंच वाटलं.

वाटा दोन होत्या. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढून गाठीवर नजर ठेवायची, नाहीतर आत्ताच कवटी उघडून ती काढायची. गाठ होती उजवा हात चालवणाऱ्या भागाला चिकटून. काढताना तो हात कमजोर होण्याचा धोका थोडा, पण होता.

घाई झाली ती ज्यांची कवटी उघडायची नव्हती त्या सगळ्यांना. नणंदेने चांगला दिवससुद्धा बघून ठेवला. लालासाहेबांचा मुद्दा शेतकी होता. "विरळणीत बारका मणी आपण आधी काढतो का न्हाई? मग?"

विरळणी म्हणजे घडातले नको ते मणी कात्रीने काढून बाकीच्यांना फुगायला जागा करणं. त्या कामात रंगूबाईंच्या उजव्या हाताला तोड नव्हती. हंगामात बागायतदार दारात मोटारसायकल लावून ताटकळत, आणि लालासाहेबांनाही स्वतःच्या घरात नंबर लावावा लागे.

"काढतो की," रंगूबाई म्हणाल्या. "पर तुमी कात्री धरली की शेजारचा मणी टोचतो. मग त्यो सडतो, अन् त्याच्यापायी आख्खा घड. सांगू का डॉक्टरास्नी, गेल्या साली किती घालवलं?"

"आगं, त्ये डॉक्टर हायत. त्यांचा हात तसा न्हाई."

"न्हाई की. तरी बी धोका हाय म्हणून आधी सांगितलं त्यांनी. तुमी कवा सांगितलंसा?"

लालासाहेब छताचा पंखा बघू लागले.

"फुगली तर तवा काढता येईल का?" रंगूबाईंनी डॉक्टरांना विचारलं. येईल, म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या."

भीती वाटली नाही असं नाही. कात्री जरा निसटली तरी त्या पदराआड मूठ उघडून मिटून बघत. सगळं गाव मणी फुगावा म्हणून देवाला हात जोडत होतं, तेव्हा ही एकटी बाई उलटं मागणं घेऊन उभी होती. देवाचाही गोंधळ उडाला असेल.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पडद्यावर गाठ मोजली. चौदाच.

लालासाहेबांचा चेहरा सवयीने पडला. "फुगवण काय झाली न्हाई," ते म्हणाले, आणि मग जीभ चावली.

"आवं, चला आता," रंगूबाई म्हणाल्या. "अन् घरी जाऊन फुगवायचं औषध मारू नका तेवढं."

मणी फुगला नाही म्हणून त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले, ते बहुधा पहिल्यांदाच. रंगूबाईंनीच वाटले, उजव्या हाताने.