पाद्रीच्या वहीतली नऊ पानं

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी फाइलबरोबर जमा केली आणि विसरलो. एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं. कारण त्यातला एक आकडा त्या वेळी जुळला नाही, आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी जुळत नाही.

वडील नोकरीसाठी सिंगापूरला आले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. नॅशनल सर्व्हिस, म्हणजे इथली सक्तीची सेवा, पोलीस दलात झाली आणि मी तिथेच राहिलो. एकोणतीस वर्षं. त्यातली निम्मी तपास अधिकारी म्हणून. हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं तेव्हा ते चोरीचं म्हणावं की नाही हाच प्रश्न होता, कारण चोरीला गेलेला सगळा माल तक्रारीच्या दिवशी जागेवर होता.

तक्रारदार बाई एका जुन्या मेथडिस्ट चर्चचा दप्तरखाना सांभाळत. तमिळ ख्रिश्चन, निवृत्त शिक्षिका, वय सत्तरच्या पुढे. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीवर लष्करी पाद्री म्हणून नेमलेल्या एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाची खाजगी कागदपत्रं त्यांच्या ताब्यात होती. रोजनिश्या, घरी लिहिलेली पत्रं, प्रवचनांचे कच्चे मसुदे, आणि खिशात मावेल अशी एक वही. वहीची शिवण कधीच सुटली होती, त्यामुळे चोवीस पानं सुटी होती. तापाच्या वॉर्डात पाद्रीच्या डोळ्यांदेखत जे सैनिक गेले, त्यांतल्या प्रत्येकाला एक पान. नाव, तारीख, शेवटचं काय बोलला ते.

मरणाऱ्याला पाद्री एक वचन द्यायचा: दर वर्षी तुझ्या दिवशी मी तुझं नाव मोठ्याने घेईन. बदली झाली तेव्हा त्याने मागून येणाऱ्यासाठी पत्र लिहून ठेवलं की ही चोवीस माणसं आता तुमच्याकडे सोपवतो. मागून आलेल्याने नावं घेतली की नाही, याची कुठेही नोंद नाही.

ही कागदपत्रं त्या वर्षअखेर एका मोठ्या ग्रंथालयाकडे जायची होती, म्हणून बाई रोज सकाळी पानं मोजत. एका सकाळी तेवीस भरली. दुसऱ्या सकाळी पुन्हा चोवीस. चार महिन्यांत असं नऊ वेळा झालं. प्रत्येक वेळी वेगळं पान, आणि एक दिवस बाहेर राहून ते पुन्हा आपल्या क्रमांकावर येऊन बसलेलं. आठ पानांना उदबत्तीचा वास होता. एक ओलसर होतं आणि त्याला समुद्राचा वास येत होता. चर्चच्या कमिटीने बाईंनाच डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं.

"मी तीस वर्षं गणित शिकवलंय, इन्स्पेक्टर," बाई म्हणाल्या. "चोवीसपर्यंत मला मोजता येतं."

मी जागा पाहायला गेलो. बिनखिडकीची खोली, एक दार, एक लोखंडी कपाट. बाईंना बाहेर थांबवून मी स्वतः पानं मोजायला बसलो. अकराव्या पानाशी माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत आणि आकडे कधीच थांबलेत. मी नावं वाचत होतो, मोठ्याने. मी गप्प झालो तशी खोलीही गप्प झाली. म्हणजे त्याआधी ती गप्प नव्हती, असं वाटलं. असलं काही मी पंचनाम्यात लिहिलं नाही. पानं पुन्हा पहिल्यापासून मोजली. चोवीस.

मग मी तक्ता केला. पान क्रमांक, माणूस गेला ती तारीख, पान नाहीसं झालं ती तारीख. दोन तारखा जवळपास यायच्या, पण जुळायच्या नाहीत. कधी सहा दिवस अलीकडे, कधी अकरा दिवस पलीकडे. आठवडाभर मी त्या फरकांत काही क्रम सापडतो का ते पाहत होतो.

उत्तर घरी मिळालं. टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये जेवताना बायको दिनदर्शिका चाळत म्हणाली, "आईंची तिथी या वर्षी नऊ दिवस आधी आलीय. रजेचं बघून ठेवा." उठून तक्ता आणला, जुन्या तारखांच्या तिथी काढून देणारं एक ॲप उघडलं आणि एकेक पान तपासलं. नऊपैकी सात पानं आपापल्या माणसाच्या तिथीला गेली होती. एक पान एका दिवसाने चुकलं होतं, आणि एक कशाशीच जुळत नव्हतं. डायरीत मी लिहिलं: "बहुतांश जुळतात."

त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते.

कारण तिथी म्हटल्यावर संशय घ्यायला एकच माणूस होता. दप्तरखान्याच्या दोन किल्ल्या होत्या, एक बाईंकडे आणि दुसरी कागदांची यादी करणाऱ्या स्वयंसेवकाकडे. हे गृहस्थ मराठी. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत अंतर्गत ऑडिटर, वय पन्नासच्या आसपास. ऑफिसच्या आधी पाऊण तास ते चर्चमध्ये येऊन यादी करत. वडिलांचं श्राद्ध तिथीने करत. शिवाय एकदा ते बाईंना म्हणाले होते की या माणसांचं कोणी काहीच केलं नाही, वाईट वाटतं.

मी त्यांना चांगला ओळखत होतो. तसं वरिष्ठांना लेखी कळवलं. वरिष्ठ म्हणाले, सार्जंटला बरोबर बसव आणि जबाब इंग्रजीत घे. सार्जंट चिनी, तरुण, कमी बोलणारी मुलगी होती.

पहिली वीस मिनिटं त्यांनी सरळ उत्तरं दिली. श्राद्ध करता? हो. वाईट वाटतं असं म्हणालात? हो. पानं बाहेर नेलीत? नाही. मी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. खोटं बोलणारा दर वेळी उत्तरात थोडी भर घालतो, हा माझा अनुभव. यांचं उत्तर तेवढंच राहिलं. ते मला तेव्हाच खुपायला हवं होतं.

मग ते मराठीत बोलले. "दर वर्षी मंडळाच्या गणपतीत आपण शेजारी बसून जेवतो."

"म्हणूनच सार्जंटला बरोबर घेतलंय."

"पुढच्या महिन्यात माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. चौदा वर्षं पीआर आहे मी, नुसता कायमचा रहिवासी. माझ्या नावापुढे तुम्ही एक शब्द लिहिलात की संपलं. मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली. तिला काय सांगू, एक पान उचललं म्हणून आपण परत चाललो?"

मी म्हणालो, जे खरं असेल ते सांगा. त्यांनी माझ्यासमोरचा तक्ता मागितला. तो दाखवावा का, याचा मी विचार केला आणि दाखवला. त्यांनी पेन्सिलने सात खुणा केल्या.

"हे सात. आणि हे दोन?"

"अपवाद."

"आमच्याकडे कोणी नऊतले दोन अपवाद म्हणून सोडले, तर मी त्याला समोर बसवून पुन्हा सगळं तपासायला लावतो." आवाज चढलेला नव्हता. "एका दिवसाने चुकलेलं श्राद्ध पोचत नाही असं मानणारा माणूसच तिथी बघतो ना? मग तो एका दिवसाने चुकेल कसा? साहेब, तुम्हाला मी दिसलो म्हणून तुम्ही हिशेब थांबवलात."

सार्जंटला आमचं बोलणं कळत नव्हतं, पण तक्ता कळत होता. ती हळूच म्हणाली, "सर, माझ्या आजीचा मृत्युदिवस पण असाच सरकतो." तिने फोनवर चिनी चांद्र दिनदर्शिका उघडली. दोन्ही पंचांगं चंद्राचीच, त्यामुळे वर्षदिवस बहुतेक वेळा एकाच दिवशी पडतो, क्वचित एका दिवसाचा फरक होतो. तिच्या दिनदर्शिकेप्रमाणे नऊपैकी आठ पानं बरोबर आपल्या दिवसाला गेली होती. आठव्याचा तो एक दिवसाचा फरकही राहिला नाही. मी मराठी, म्हणून मला तिथी दिसली आणि तिथीमागे मराठी माणूस दिसला.

ऑडिटरना त्याच दुपारी जाऊ दिलं. त्यांच्याविरुद्ध कोणताही संशय उरलेला नाही हे मी स्पष्ट शब्दांत, तारीख-वेळेसह नोंदवलं, आणि त्याची प्रत वरिष्ठांकडे पाठवली.

बाईंना मी पुन्हा विचारलं, किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत? त्या म्हणाल्या, दोघांकडे. मग मी विचारलं, झाडतं कोण? "अंकल," असं म्हणून त्यांनी पॅन्ट्रीकडे पाहिलं. तिथे खिळ्यावर तिसरी किल्ली लटकत होती.

अंकल म्हणजे चर्चचा केअरटेकर. पासष्टीचा चिनी माणूस, पुलाउ उबीन बेटावर राहणारा. तीस वर्षं रोज समोर असलेला माणूस लोकांच्या मोजणीत येत नाही. बाईंनी त्याला लपवलं नव्हतं, तो त्यांना आठवलाच नव्हता. पाद्रीचं पत्र मात्र चहाच्या वेळी त्यांनीच त्याला वाचून दाखवलं होतं. रजेचं रजिस्टर काढलं. आठही दिवस त्याची रजा होती. न जुळणाऱ्या नवव्या पानाच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी तो डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रुग्णालयात भरती होता. तो कागद मी स्वतः पडताळला.

पुढच्या पानाचा दिवस चार दिवसांवर होता, रविवारी. त्या सकाळी तेवीस पानं भरली. सार्जंट आणि मी चांगीच्या धक्क्यावरून बंबोटीने, लाकडी मोटरबोटीने, उबीनला गेलो. बरोबर सायकली घेतलेले लोक होते, लख्ख ऊन होतं. धक्क्यापासून वीस मिनिटं चालल्यावर कंपुंगमधलं, म्हणजे जुन्या खेडेवस्तीतलं, पत्र्याच्या छपराचं एक घर आलं. दार उघडंच होतं.

आत भिंतीशी आईवडिलांची वेदी. तिच्याखाली एक बुटकं टेबल, आणि टेबलावर स्वच्छ प्लास्टिकमध्ये घातलेलं पाद्रीच्या वहीतलं पान, उदबत्त्यांच्या वाडग्याला टेकवून उभं केलेलं. समोर दुधाचा चहा आणि लोणी लावलेला पाव. अंकलने आमच्याकडे पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं आणि ते नाव तीन वेळा घेतलं. उच्चार मोडका होता. तिसऱ्या वेळी अंगणातलं कुत्रं उठून दाराच्या चौकटीपासून बाजूला सरकलं, कोणाला वाट द्यावी तसं. मागे वळून पाहिलं तर सार्जंटही बाजूला सरकली होती. तिने तसं का केलं, मी विचारलं नाही.

मग अंकलने आम्हाला बसायला सांगितलं. काही नाकारलं नाही. चिनी सातव्या महिन्यात सगळेच रस्त्यावर बेवारस मेलेल्यांना जेवायला घालतात, तो म्हणाला, पण ते कोण ते माहीत नसतं. यांना नावं आहेत. पाद्रीने स्वतःच्या हाताने लिहिलेली नावं, म्हणून ते पानच ठेवावं लागतं. गोरे भात खात नाहीत, म्हणून पाव. आणि त्याने आणखी एक सांगितलं: बायको गेली, मूल नाही, त्याचं स्वतःचं नाव घ्यायलाही मागे कोणी नाही.

मी त्याच्यासमोर नऊ पानांची यादी ठेवली. त्याने आठ क्रमांकांवर बोट ठेवलं आणि नवव्यावरून उचललं.

"दिस वन नॉट मी, लाह," तो म्हणाला. "नो नेम. हाऊ टु कॉल?"

ते एकोणिसावं पान होतं. मी ते वाचलेलं होतं. होडीतून आणलेला माणूस, बोलू शकत नव्हता, संध्याकाळच्या आत गेला. नाव माहीत नाही. पाद्रीने नावाची जागा रिकामी सोडून खाली रेघ मारली होती. ओलं होऊन परत आलेलं पान तेच. ज्या दिवशी ते गेलं तो दिवस त्या माणसाचा नव्हता, ना तिथीने, ना चिनी महिन्याने, ना इंग्रजी तारखेने. बाईंची किल्ली त्या दिवशी बाईंकडे होती. ऑडिटर त्या दिवशी चर्चकडे फिरकले नव्हते, त्यांच्या ऑफिसच्या गेटची नोंद आहे. तिसरी किल्ली खिळ्यावर होती, आणि अंकल डोळ्याला पट्टी बांधून रुग्णालयात.

मी हे सगळं सांगितल्यावर अंकलने यादीची घडी करून ती मला परत दिली. मग म्हणाला, बाकीच्यांना बोलावतात हे त्या बिननावाच्या माणसाने पाहिलं असेल.

चर्चने तक्रार मागे घेतली. वरिष्ठांनी अंकलला समज देऊन प्रकरण बंद केलं. कागदपत्रं ग्रंथालयाकडे गेली त्या सकाळी मी हजर होतो. बाईंनी मोजली, मी मोजली, चोवीस. पेटी बंद होण्याआधी बाईंनी अंकलसाठी पानांच्या प्रती काढल्या. त्यांनी तेवीस काढल्या होत्या, नाव नसलेलं पान सोडून. अंकलने चोविसावी मागून घेतली.

ऑडिटरना नागरिकत्व मिळालं. त्या वर्षीच्या गणपतीत मी पंगतीत बसलो तेव्हा शेजारची जागा रिकामी राहिली. पुढच्या वर्षी ते येऊन बसले. पान वाढलं गेलं, वरण आलं. मग त्यांनी विचारलं, "त्या नवव्याचं काय झालं?"

"जुळत नाही," मी म्हणालो.

"तसंच लिहिलंयत?"

"तसंच."

त्यांनी मान हलवली आणि भात कालवायला घेतला.

तपास करणारा माणूस न जुळणारा आकडा दोन तऱ्हांनी संपवतो. एकतर त्याला अपवाद म्हणून सोडून देतो, नाहीतर ओढूनताणून कोणाच्या तरी नावावर लिहितो. पहिल्या तऱ्हेने मी एका निर्दोष माणसाचं घर उठवायच्या बेतात होतो. दुसरी तऱ्हा अंकलच्या बाबतीत सोपी होती. त्याने आठ कबूल केली होती, नववं त्याच्या खात्यात सहज बसलं असतं आणि कोणी विचारलंही नसतं. फाइल बंद करताना मी तक्ता शेवटचा उतरवून काढला. तक्रारीतल्या आठ पानांसमोर अंकलचं नाव लिहिलं. एकोणिसाव्यासमोर, पाद्रीने केलं होतं तसंच, जागा रिकामी सोडली आणि खाली रेघ मारली.