मालकांच्या गाडीचा काळा धूर

आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. मी गोंदियाला कॉलेजात शिकत होतो ती सगळी वर्षं माझा मोठा भाऊ केशोरीकडच्या आमच्या गावात एका मोठ्या शेतकऱ्याची गाडी चालवत होता. माझं शिक्षण त्याच्या त्या पगारावर झालं. शेतकऱ्याला सगळा गाव मालक म्हणतो, मी काकाजी म्हणायचो. मी बी.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी आपल्या अंगणात चार लोक जमवून मला शाल आणि नारळ दिला होता. त्यांच्याबद्दल मला आदर होता. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या लिहिण्यात तो दिसणार नाही.

गाडी जुनी, टर्बो डिझेल, सगळं घरदार मावेल अशी. दिवाळीच्या सुमारास ती काळा धूर सोडू लागली. उभी असताना काही नाही. माणसं बसवून चढाला लागली की मागे काळा पट्टा. ओढ कमी झाली आणि डिझेलही पुरेना. मालकांनी धूर आणि डिझेल या दोन गोष्टी जोडल्या आणि निकाल लावला: डायवर टाकीतलं डिझेल काढून विकतो आणि कमी झालेलं भरायला गॅरेजातलं जळकं ऑइल ओततो.

हे त्यांनी घरात बोलावून विचारलं असतं तर घरातच मिटलं असतं. त्यांनी मंडईचा दिवस निवडला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, लेकी-जावई येतात, आसपासच्या गावांतली माणसं लोटतात. पानठेल्यासमोर गाडी थांबली होती.

"काय गा डायवर," मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडी कारा धूर काऊन फेकून राहिली? तिचं डिझेल तूच पिऊन राहिला का?"

लोक हसले. गंमत समजून भाऊही हसला.

"हसतं कायले? चाबी ठेव इथं."

भावानं चाबी बोनेटवर ठेवली आणि मंडईला आलेल्या बायकोपोरांना घेऊन पायी घरी गेला. पुढे लग्नसराई होती. दरवर्षी त्याला बोलावणारे दुसरे गाडीवाले त्या वर्षी गप्प राहिले. एकानं तर तोंडावर सांगितलं, "गाडी हाये बापा, पन डिझेलचा मामला हाये ना." आमच्या भागात डायवरचं कसब कुणी फारसं विचारत नाही. हात साफ आहे का, एवढंच विचारतात. तेच गेलं होतं.

मी गोंदियातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो. आधी मालकांच्या गॅरेजवाल्याकडे गेलो.

"काला धुआँ मतलब हवा कम या डीज़ल ज़्यादा," तो पाना पुसत म्हणाला. "पंप, नोज़ल मैंने देखे. टर्बो सीटी बराबर दे रहा है. एअर फिल्टर दिवाली के पहले मैंने ही नया डाला. तो बचा क्या?"

"म्हणून तुम्ही डिझेल खराब आहे म्हणालात?"

"मालिक ने पूछा, डीज़ल खराब हो सकता है क्या? मैं बोला, हो सकता है. मैंने किसी को चोर बोला क्या, सर?"

नाही, त्यानं म्हटलं नव्हतं. त्यानं फक्त फिल्टर नवा आहे म्हणून त्याची पेटी उघडली नव्हती.

प्रयोगशाळेत रोज माझ्या हाताखालून बर्नर जातात. बर्नरच्या बुडाचं हवेचं भोक बंद केलं की निळी ज्योत पिवळी होते आणि वरच्या काचपात्राचं बूड काजळतं. गॅस तोच असतो, फक्त हवा कमी पडते. मला वाटत होतं, गाडीचंही तेच असावं. पण भावावरचा आळ डिझेलचा होता, तेव्हा आधी डिझेलची शक्यता बाजूला काढायला हवी होती.

मी मालकांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "काकाजी, टाकी पूर्ण रिकामी करू. तुम्ही स्वतः पंपावर जाऊन भरा, गाडीही तुम्हीच चालवा. तरी धूर निघाला तर दोष डिझेलचा नाही."

"शिकलेला पोरगा म्हनते तर पाहू," ते म्हणाले.

तसंच केलं. मी त्यांच्या शेजारी बसलो. नवेगावच्या रस्त्याला चढ लागला तसा मागे तोच काळा पट्टा उठला.

"आता?" मी विचारलं.

"बुडाशी बसलं असन जुनं," ते म्हणाले.

अंगणात परत आलो. भाऊ फाटकाबाहेर उभा होता, आत यायची त्याला मुभा नव्हती. मी टर्बोपासून इंजिनाकडे जाणारे पाइप चाचपले, कुठे चीर आहे का, जोडावर तेल ओघळलंय का, ते पाहिलं. काही नव्हतं. मग एअर फिल्टरच्या पेटीचे क्लिप काढले आणि झाकण उचललं.

आत धान होतं. चांगलं भरलेलं, सोनेरी. ओंजळींनी काढलं तरी निघतच होतं. फिल्टरच्या घड्यांत तूस गच्च बसलेला आणि कोपऱ्यात पोत्याच्या सुतळीचं घरटं. दव पडू नये म्हणून कापणीपासून मालकांनी गाडी धानाच्या शेडमध्ये लावायला सांगितली होती. हवा ओढायच्या पाइपातून शिरून उंदरांनी पेटीत आपलं कोठार केलं होतं.

पेटी साफ करून दुसरा फिल्टर टाकला, तोच चढ पुन्हा चढलो. धूर नाही.

"अरे, चोर तं उंदीर निघाला!" मालक गडगडाटी हसले. अंगणातले गडीही हसले. भाऊ फाटकातून आत आला. तो हसला नाही.

"मालक, मंडईत म्हनलं होतं ना, तसंच एकदा लोकायले सांगून द्या."

"काय सांगू? उंदरानं धान नेलं म्हनून? अबे, गमतीत म्हनलो होतो मी. घे चाबी."

"सांगा, मंग घेतो."

गड्यांचं हसू थांबलं. मालकांनी चाबी खिशात टाकली आणि ते घरात गेले. त्या घटकेला मला माझ्या भावाचा फार अभिमान वाटला. पुढे त्याचीच किंमत त्याला द्यावी लागली.

आठवडाभरात दुसरीच गोष्ट गावात फिरू लागली. मला ती बसथांब्यावर एका ओळखीच्या माणसानं सांगितली, तीही कौतुकानं.

"सर, डोकं लावलं बापा तुमी. मेकॅनिकले जे दिसलं नाही, ते तुमाले कसं दिसलं? मालक म्हनतेत, सिद्धा पेटीलेच हात घातला. ज्यानं भरलं त्यालेच तं माहीत राहील."

मी त्याला सगळं समजावलं. टाकी, चढ, पाइप, बर्नरची ज्योत. तो मान डोलावत होता.

"तेच म्हनतो मी," तो म्हणाला. "शिकलेल्या मानसालेच सुचते हे."

मी जितकं नीट सांगितलं तितका त्याचा विश्वास पक्का झाला. मी अडाणी असतो आणि योगायोगानं झाकण उघडलं असतं, तर कदाचित भाऊ सुटला असता. ज्या शिक्षणासाठी त्यानं ती गाडी चालवली, तेच आता त्याच्याविरुद्धचा पुरावा झालं होतं. मालकांकडे पुन्हा गेलो तर ते घरी असून नाहीत असं कळवलं गेलं.

भाऊ आता गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलतो. कधी कधी रविवारी माझ्या खोलीवर जेवायला येतो. परवा जेवताना तो खाली ताटाकडे पाहत म्हणाला, "एक विचारू? राग नको मानू."

"विचार ना."

"ते धान... तू तं नव्हतं टाकलं?"

"नाही, भाऊ."

"मी बी लोकायले हेच सांगतो," तो म्हणाला. त्यानं भातावर कालवण ओतून घेतलं. "आन टाकलं असन तरी माह्यासाठीच टाकलं असन ना गा."

"नाही टाकलं, भाऊ," मी पुन्हा म्हणालो. तो समजल्यासारखी मान हलवत ताट घेऊन मोरीकडे गेला.