समाधीपाशी वळलेली हद्द

लिहायला बसलो खरा, पण आधी क्षमा मागून घेतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांना सही करता येते, आईला तीही येत नाही. कॉलेजच्या वार्षिकात लिहिणारी मुलं पुस्तकांच्या घरांतून आलेली असतात. त्यांच्या शेजारी माझं लिखाण कसं दिसेल, याची मला धास्तीच वाटते. पण कळंबला जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून धीर करतो आहे.

इंटरनंतर घरच्या अडचणीमुळं मला मध्येच कॉलेज सोडावं लागलं. तेव्हा निजाम सरकारच्या पैमाइशीत, म्हणजे जमीनमोजणीत, एका हंगामापुरती जागा मिळाली. अमीनांच्या, म्हणजे मोजणी अंमलदारांच्या, हाताखाली मोजणीची साखळी धरायची, झेंड्या रोवायच्या आणि ते सांगतील ते आकडे लिहायचे, असं काम. नेमणूक कळंबला झाली.

आमची तामलवाडी सोलापूरच्या अंगाला. आम्हाला सोलापूर जवळचं, तुळजापूर घरचं आणि धाराशिव कोर्टकचेरीपुरतं. कळंब जिल्ह्याच्या पार उत्तरेला, मांजरा नदीकडं. आमच्या गावातल्या कुणीही ते पाहिलेलं नव्हतं. आईनं विचारलं, "तिथं आपल्यावानीच बोलत्यात न्हवं?" मी व्हय म्हणालो, पण मलाही ठाऊक नव्हतं.

धाराशिववरून येडशीपर्यंत मोटर होती. येडशीहून पुढं बैलगाडी. माळ मागं पडला, काळी जमीन सुरू झाली आणि ती संपेचना. ज्वारी काढून झाली होती. कापलेल्या धाटांची खुंटं गाडीच्या दोन्ही बाजूंना उभी होती. गाडीवानाला मी दोनदा विचारलं, अजून किती लांब. तो म्हणाला, "गाव काय पळून चाललंय व्हय?" त्यानंतर मी विचारलं नाही.

राहायला जागा मिळाली ती एका लिंगायत बाईंच्या घरी. सगळं गाव त्यांना अव्वा म्हणे. त्यांचं माहेर कानडी मुलखातलं. नवरा वारलेला, मुली सासरी, शेत बटईनं लावलेलं. पहिल्याच सकाळी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "या घरात मास-मच्छी न्हाई. आन् माझी लिंगपूजा झाल्याबिगर चूल पेटायची न्हाई. भूक लवकर लागत असंल तर रातची भाकर ठेवत जाईन." ती भाकरी त्यांनी हंगामभर ठेवली. मी आयुष्यात पहिल्यांदाच परक्या घरी राहत होतो. संध्याकाळी पायाची माती झटकत मी ओट्यावर आलो की त्या आतूनच विचारत, "किती जमीन आवळली आज?" अशा घरात परकं वाटून घ्यायला मला सवडच मिळाली नाही.

मोजणी फिरत फिरत अव्वांच्या शेतावर आली. शेजारचं शेत एका वयस्कर शेतकऱ्याचं. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या आणि अव्वा यांचं सूत विचित्र होतं. शेळ्यांवरून, बोरीच्या काट्यांवरून, पाण्याच्या चरावरून त्यांची रोज बाचाबाची चाले आणि सणाला एकमेकांकडं ताट जाई.

अव्वांच्या यजमानांची समाधी बांधाला लागूनच होती. लिंगायतांत माणूस गेला की त्याला बसवून पुरतात. वर दगडी ओटा, त्यावर लिंग आणि शेजारी बेलाचं झाड. दर सोमवारी अव्वा तिथं पाणी घालायला जात. तात्या मला म्हणाले होते, "काय सांगू कालिजवाले, ह्यांचे मालक जित्तेपणी बी माझ्याच बांधावर बसायचे. आता तर उठायचं नावच न्हाई."

आम्ही दोन्ही टोकांचे जुने दगड शोधून काढले आणि साखळी ताणली. अमीनसाहेब बीदरकडचे, सौम्य स्वभावाचे. त्यांनी एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. काळ्या जमिनीत बांध वर्षानुवर्षं सरकत जातो. कुणी लबाडी केली नव्हती, पण मधोमध तो तात्यांच्या शेतात फुगून आला होता आणि समाधी नेमकी त्या फुगवट्यावर होती. दगडापासून दगडापर्यंत सरळ रेघ धरली, तर समाधी तात्यांच्या जमिनीत जात होती.

अव्वा बेलाखाली उभ्या होत्या. त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. झेंड्या कुठून कुठं चालल्यात हे त्यांना दिसत होतं.

तात्या म्हणाले, "जाऊ द्या अव्वा. रेघ कुठनं बी जाऊ द्या, म्या काय तिथं नांगर घालनार हाव का?"

अव्वा म्हणाल्या, "तुमी न्हाई घालनार. पर तुमी किती दिस? पोरं वाटण्या करतील, इकतील. येणारा कोन आसंल कुनाला ठावं? नांगराला काय कळतंय, खाली मानूस बसलाय?"

तात्यांनी अमीनसाहेबांकडं पाहिलं.

अमीनसाहेबांनी आपल्या दखनीत सांगितलं, "दोनों राजी होके हद बदलते तो मैं लिख लेतूं. नै तो जो साखळी बोली वोच." म्हणजे तात्यांनी आपली जमीन सोडली तरच समाधी वाचणार होती. तीही पाण्याच्या चराजवळची, चांगली जमीन. तात्या "बघू" एवढंच म्हणून घरी गेले. त्या दिवशी अव्वांनी मला जेवायला वाढलं, पण स्वतः जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गावची चार मोठी माणसं शेतावर आली. त्यांचं म्हणणं, तोंडी कबुलीला अर्थ नाही, उद्या पोरं म्हणतील म्हाताऱ्याला गुंडाळलं. तात्यांना हद्द द्यायची असेल तर त्यांनी ती रीतीनं चालून दाखवावी. ती रीत तिकडं जुनी आहे. चालणारा अनवाणी निघतो, डोक्यावर त्या शेतातलं ढेकूळ घेतो आणि तो चालेल ती हद्द दोन्ही घरांना कायमची बांधते. पण डोक्यावर माती घेऊन जो खोटा चालेल त्याचं वर्षाच्या आत वाटोळं होतं, अशी तिथली श्रद्धा आहे. तात्यांची अडचण आता माझ्या लक्षात आली. खरी हद्द कुठली हे साखळीनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तिच्यापासून वळलं तर ते खोटं चालणं होत होतं.

तात्यांनी वहाणा काढल्या, ढेकूळ उचललं आणि पटक्यावर ठेवलं. मी झेंड्या घेऊन मागं निघालो. ते जुन्या दगडापासून निघाले आणि सरळ चालत राहिले. अगदी साखळीच्या रेघेवरून. समाधी जवळ आली तरी ते वळेनात. अव्वांनी पदर तोंडाला लावला.

ओट्याच्या अलीकडं तात्या थांबले. एका हातानं ढेकूळ सावरत, समोर बघत मोठ्यानं बोलले, "धरणीमाय, ऐकून ठेव. इथपर्यंत म्या खरी हद्द चाललो. हितनं म्होरं खरी न्हाई, माझ्या खुशीनं दिल्याली चालतोय. माझ्या माथ्यावर खोटं घालू नगंस."

आणि ते आपल्या शेतात वळले.

समाधीला वळसा घालताना त्यांनी मान न वळवता विचारलं, "अव्वा, मालकांचे गुडघे कुठवर आल्यात?"

"आता मला काय ठावं," अव्वा म्हणाल्या.

"मंग जरा लांबनंच जातो. बसून बसून पाय आखडले आस्तील, लांब करायचे म्हनले तर जागा नगं?"

गावची माणसं हसली. तात्या खरोखरच लांबून गेले, बेलाची सावली दुपारी पडते तिच्याही पलीकडून. पुढं ते परत रेघेवर आले आणि शेवटच्या दगडापाशी त्यांनी ढेकूळ खाली ठेवलं. त्यांच्या प्रत्येक वळणावर मी झेंडी रोवत गेलो. मी पुस्तकांतून मोठेपणाबद्दल वाचलं आहे आणि त्यावर निबंधही लिहिले आहेत. पण माणूस स्वतःचं देताना खऱ्याला खरं म्हणून देतो, आणि घेणाऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून वर थट्टाही करतो, हे मी त्या शेतात पाहिलं.

अमीनसाहेबांनी वळण बारकाईनं मोजून नकाशात घेतलं. पण एवढ्यानं काम संपत नव्हतं. नकाशा हैदराबादला जाऊन मंजूर व्हायचा होता. ते मला म्हणाले, "ऊपरवालों कू सीधी लकीर पसंद है, मियाँ. मैं तो पूरा हाल लिखूंगा." ते त्यांनी लिहिलं, आणि ते लिहिताना त्यांचा चहा निवून गेला.

हंगाम संपेपर्यंत उत्तर आलं नाही. अव्वा रोज विचारत, "कागद आला का?" आणि मी रोज नाही म्हणे. पुढं पुढं त्या नुसत्याच माझ्याकडं बघत. निघताना मी पाया पडलो तेव्हा त्यांनी दशम्या बांधून दिल्या. कागदाचं मात्र विचारलं नाही. येडशीपर्यंत मला त्याचीच चुटपुट लागून राहिली.

मी पुन्हा सोलापूरच्या कॉलेजात आलो. नकाशा नामंजूर झाला असेल आणि मला कुणी कळवलं नसेल, असं अनेकदा मनात येई. मग दिवाळीनंतर एक दिवस कळंबचा एक गाडीवान भुईमुगाच्या शेंगा घेऊन सोलापुरात आला आणि विचारत विचारत वसतिगृहापाशी पोचला. अव्वांनी त्याच्यापाशी निरोप दिला होता.

"कागद आला," तो म्हणाला. "वळण हाय तसंच ठिवलंय. मागल्या आठवड्यात दगड बसले."

हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरतात, कारण कोळसा कुजत नाही. मी विचारलं, कोळसा कुणाच्या घरचा घातला.

"तात्या आपल्या घरचा घिऊन आल्ते," गाडीवान म्हणाला. "अव्वा म्हनल्या, जमीन तुमची घेतली, कोळसा तरी माझ्या चुलीतला घाला. लई येळ भांडली दोघं. शेवटाला निम्मा निम्मा घातला."