खाऱ्या पाण्यात कमी होतं ते

"भावजी, गेले ते…" सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी बारामतीत जेवायला बसलो होतो. गेला तो दिनकरदादा, वहिनींचा नवरा आणि माझा मामेभाऊ, लासुर्ण्याचा. वर्षानुवर्षं भरमसाट पाणी आणि खत देऊन त्याची उसाची जमीन खारवली होती. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर यायचा. शेवटी त्यानं तिथंच तळं खोदलं आणि जमिनीतून लागलेल्या खाऱ्या पाण्यात समुद्री कोळंबीची पिल्लं सोडली. "खतानंच वाटोळं केलं. हितं एक दाणा पडू देणार न्हाय," असं त्यानं घरात बजावलं होतं.

रविवारी मी जायचो, दोघं मिळून पाणी तपासायचो. क्षार, आम्लता, विरघळलेला प्राणवायू… सगळे आकडे जागच्या जागी. तरी पिल्लांच्या दोन खेपा मेल्या. कोळंबी वाढताना कात टाकते; आमची कात टाकायची आणि मऊ अंगानं तळाशी मरून पडायची.

तोवर दादाच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, पुण्याला डायलिसिस सुरू होतं. पाण्याचा नमुना मी प्रयोगशाळेत दिला आणि या वेळी एकूण क्षार न बघता प्रत्येक क्षार वेगळा मोजून घेतला. समुद्राच्या मानानं पोटॅशियम फारच कमी निघालं; ते कमी पडलं की कात टाकताना कोळंबी मरते. दादाच्या रक्तात मात्र तेच वाढलेलं. त्यामुळं शहाळं, केळी बंद होती. दोन्ही कागद बघून तो हसला. "मला झालंय जास्त, तिला मिळंना. मलाच टाका की तळ्यात!"

"जिभेला काय हाड हाय का तुमच्या?" वहिनी कडाडल्या.

पोटॅशियम द्यायचं म्हणजे उसाचं पोटॅश, खतच. गोठ्यात अर्धं पोतं पडून होतं.

"औषध म्हणून टाकू," वहिनी म्हणाल्या.

"टाका. पर मोजून." मग माझ्याकडं बघून दादा म्हणाला, "एकदा कात टाकून जिती ऱ्हायलेली बघू दे. मग काय व्हायचं ते हू दे."

तळ्याचं पाणी धरून मी हिशेब केला. थोडं थोडं विरघळवून टाकलं, पुन्हा तपासलं, नवी पिल्लं सोडली. त्याच महिन्यात दादाचं हृदय थांबलं. रक्तातलं पोटॅशियम वाढल्यानं, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर तळ्यावर गेलो. वहिनींनी खाद्याची जाळी वर ओढली. तिच्यात काचेसारख्या पोकळ काती होत्या, आणि शेजारी कोळंबी उड्या मारत होती. मेलेली एकही नव्हती. वहिनींनी काती एकेक करून पदरात घेतल्या, घरी नेल्या आणि सुपात वाळत घातल्या. "ह्यांना बघायच्या व्हत्या," म्हणाल्या.